करेमा: शनिवारी पिकलेली वाईन

गुरुवार, तोरिनो (ट्युरिन), इटली

भाच्याने आमच्यासाठी बारोलोची, म्हणजे इथल्या प्रसिद्ध वाईनच्या गावाची, सहल ठरवून ठेवली होती. तोरिनोच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांकडे घरचं कुणी आलं की त्यांना बारोलो दाखवायचं, अशी आता रीतच पडली आहे म्हणे. बस असते, दोन वायनऱ्या असतात, जेवण असतं, फोटो होतात. मी म्हटलं, बारोलो राहू दे, करेमाला जाऊ.

"मामा, ते कुठे आलं?"

मग नकाशा काढला. दोरा बाल्तेआ नदी आल्प्समधून जिथे बाहेर पडते तिथे, पिएमाँते प्रांताच्या अगदी टोकाला हे गाव आहे. त्याच्या पुढे आओस्ता खोरं सुरू होतं. वस्ती साडेसातशेच्या आसपास. द्राक्ष बारोलोचंच, नेबिओलो. पण बारोलोखाली दोन हजार हेक्टरांहून जास्त जमीन आहे आणि करेमाखाली वीसेक हेक्टर. म्हणजे पन्नास एकर. आमच्या दिंडोरीकडे एखाद्या बड्या बागायतदाराच्या भावकीची मिळून एवढी जमीन निघेल. इथे त्या पन्नास एकरांचे मालक ढिगाने आहेत आणि त्यातल्या पुष्कळांचा माल गावच्या सहकारी वायनरीत जातो.

नाशिक जिल्ह्यात पीककर्जाच्या टेबलावर ज्याचा जन्म गेला, त्याला हे कळल्यावर राहवणार कसं? वाईनच्या चवीतलं मला फार समजतं असं नाही. पण ज्याच्याकडे आठ-दहा गुंठेच द्राक्षं आहेत तो माणूस दर वर्षी कात्री घेऊन बागेत का उतरतो, हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. हिच्या अटी दोनच होत्या. शाकाहारी जेवण मिळालं पाहिजे आणि चढ बेताचा पाहिजे. पहिल्याची हमी भाच्याने दिली. दुसऱ्याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

शुक्रवार, इव्रेआ

तोरिनोहून इव्रेआ रेल्वेने तासाभराचं. सपाट मक्याची शेतं संपत आली की उजव्या हाताला एक लांबच लांब टेकडी दिसायला लागते. पट्टी लावून आखावी तशी तिची माथ्याची रेघ सरळ. ही सेर्रा. हिमयुगात आओस्ता खोऱ्यातून खाली आलेल्या हिमनदीने दगडगोटे आणि माती बाजूला लोटली, त्याचा पंचवीसेक किलोमीटर लांबीचा हा बांध. उद्या ज्या मातीत द्राक्षं बघायची होती तीही ह्याच हिमनदीने कुठून कुठून आणून टाकलेली, म्हणून ती ओळख आधीच करून घेतलेली बरी.

इव्रेआत थांबलो मात्र टाइपरायटरसाठी. आमच्या शाखेत गोदरेजचा होता. गोदरेजने टाइपरायटर काढला १९५५ साली. ओलिवेत्तींचा कारखाना त्याच्याही कितीतरी आधीचा, १९०८ चा. कामिल्लो ओलिवेत्तींची ती पहिली लाल विटांची इमारत अजून उभी आहे. तिच्या पुढे त्यांच्या मुलाने, आद्रियानोने, वाढवत नेलेला कारखाना. रस्त्याच्या कडेने लांबवर पसरलेली काच. आत काम करणाऱ्याला बाहेरचे डोंगर दिसावेत आणि बाहेरच्याला आतलं काम, असा त्यामागचा विचार. १९५० मध्ये आलेला लेत्तेरा २२ हा हातात घेऊन फिरता येईल असा टाइपरायटर इथलाच. २०१८ साली युनेस्कोने हे सगळं औद्योगिक शहर जागतिक वारशाच्या यादीत घातलं. टाइपरायटर आता बनत नाहीत. काही इमारतींत कचेऱ्या आहेत, काहींच्या काचांवर धूळ आहे.

भाचा म्हणाला, "मामा, आपण वाईन बघायला आलोय ना?"

त्याला सांगितलं, हीच वाईनची गोष्ट आहे. आद्रियानो ओलिवेत्ती हा वेगळाच कारखानदार होता. पाळणाघर, वाचनालय, दवाखाना हे तर त्याने केलंच, पण आसपासच्या खेड्यांतला माणूस कारखान्यासाठी गाव सोडून शहरात कोंबला जाऊ नये, असं त्याचं म्हणणं. कामगारांना गावाहून आणायला-सोडायला बस होत्या. पगार न कापता आठवड्याचे तास ४८ वरून ४५ वर आणले गेले, ते १९५६ च्या सुमारास, आणि मग शनिवार मोकळा झाला. आता विचार करा. पंधरा-वीस किलोमीटरवर डोंगरात वडिलोपार्जित द्राक्षाचा तुकडा आहे. पगार कारखान्यातून येतो, घर गावातच आहे आणि शनिवार रिकामा आहे. तो माणूस शनिवारी काय करेल? आद्रियानो १९६० च्या फेब्रुवारीत रेल्वेच्या डब्यात अचानक गेला. त्याच वर्षी करेमात दहा द्राक्षवाल्यांनी मिळून सहकारी वायनरी काढली. ह्या दोन गोष्टींत थेट धागा आहे असा माझा दावा नाही. एका वर्षात आल्या म्हणून नोंदवल्या, एवढंच.

इव्रेआच्या कार्निव्हलात एकमेकांना संत्री फेकून मारतात. ती लढाई जगप्रसिद्ध आहे, पण ती फेब्रुवारीकडे. ऑक्टोबरात त्या चौकात कबुतरं होती.

रात्री जेवायला मिआसे. मक्याच्या पिठाचं पातळ सरसरीत, तापलेल्या लोखंडी पत्र्यांत दाबून भाजलेलं, कुरकुरीत. त्यावर सालिन्युन, म्हणजे लाल मिरची घालून कालवलेलं रिकोत्ता नावाचं मऊ चीज. इटलीत उतरल्यापासून हिला जेवणात पहिल्यांदा तिखट सापडलं. तिने आणखी एक वाटी मागवली. चीज गोठवायला काय वापरतात हा विषय निघणार होता, तो भाच्याने डोळ्यांनीच मिटवला.

शनिवार, करेमा

इव्रेआच्या पुढची रेल्वे विद्युतीकरणासाठी २०२४ च्या जानेवारीपासून बंद होती, तेव्हा बस. रस्ता नदीच्या कडेकडेने जातो आणि दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येत जातात. मग एका वळणानंतर उजवीकडचा डोंगर वेगळा दिसायला लागतो. त्याच्या अंगावर खालपासून वरपर्यंत गडगे आहेत, आणि गडग्यांवर खांब. शेकडो खांब. जाडजूड, तळाशी रुंद, वर निमुळते, दगड-चुन्याचे, डोक्यावर चपटी शिळा. पहिल्यांदा वाटतं, एखाद्या पडक्या देवळाचा सभामंडप आहे. त्या खांबांवर लाकडी आडवे-उभे वासे आणि वाशांवर द्राक्षाचे वेल.

आमच्या भाषेत हा मांडव. करेमात त्याला तोपिया म्हणतात आणि खांबाला पिलून. नाशकात मांडव उभा करायचा म्हणजे लोखंडी अँगल, तारा आणि बांबू, आणि त्याचा खर्च कर्जाच्या अर्जात पहिल्या पानावर. इथे खांब दगडाचा, वासे चेस्टनटच्या लाकडाचे. वाशाचं लाकूड ओल लागून कुजू नये म्हणून खांबाच्या डोक्यावर ती शिळा. दिवसभर उन्हात खांब तापतो आणि रात्री डोंगरावरून गार हवा उतरते तेव्हा ती ऊब सोडत राहतो. नेबिओलो हे उशिरा पिकणारं, ऊन मागणारं द्राक्ष आहे, आणि इथे बागा तीनशे ते सहाशे मीटर उंचीवर. पिकायच्या शेवटच्या आठवड्यांत ही रात्रीची ऊब कामाची. गडग्यांचे दगडही तेच काम करतात. शिवाय खोऱ्याच्या तोंडाशी वारा जबर असतो, त्याच्यापुढे असा भक्कम मांडवच टिकतो. आणि मांडव उंच असला की खालची जमीन मोकळी राहते. तिथे पूर्वी बटाटे, घेवडा, भाजीपाला निघायचा. ज्याच्याकडे जमीनच मूठभर, तो तिच्यातून दोन मजले काढणार.

गावातल्या गल्ल्या अरुंद आणि दगडी. त्यातून वर चढलं की पाच मिनिटांत आपण मांडवाखाली असतो. बाग आणि गाव ह्यांच्यात सीमाच नाही. हिने पहिल्या तीन गडग्यांपर्यंत साथ दिली आणि चौथ्यावर बसकण मारली. म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी इथून बघते, सगळं एकसारखंच आहे."

सगळं एकसारखं नव्हतं. एका तुकड्यात घड काढणं चालू होतं. आजोबा, त्यांची सून असावी, आणि शाळकरी दोन पोरं. पोरांचं काम क्रेट उचलून देण्याचं होतं आणि त्यातलं निम्मं लक्ष आमच्याकडे. काढणी हातानेच. दुसरं काही शक्यच नाही, गडग्यांवर ट्रॅक्टर कुठून चढणार? भाच्याने ओळख करून दिली, मामा भारतातल्या द्राक्षाच्या जिल्ह्यातून आलेत म्हणून. आजोबांनी मान हलवली आणि कात्री चालूच ठेवली. मग मी मोबाईलवर आमच्या मामेभावाच्या बागेचा फोटो दाखवला. त्यावर मात्र ते थांबले. चष्मा काढून फोटो मोठा केला, तारा पाहिल्या.

"हे लोखंड आहे?"

"हो."

"उन्हात तापतं?"

"तापतं. पण रात्री लगेच गार होतं."

ते हसले. ह्याचसाठी दगड, असा त्या हसण्याचा अर्थ.

मग आमचं जमलं. मी विचारलं, छाटणी किती वेळा? एकदा, हिवाळ्याच्या शेवटी. आमच्याकडे दोनदा, म्हटलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. म्हणजे तुम्ही आज घड काढताय आणि आमच्याकडे आजच काड्यांवर कात्री चालू आहे. वेल वर्षभर झोपतच नाही हे ऐकून त्यांना वेलाची दया आली. उतारा किती, असं त्यांनी विचारलं. एकरी दहा-बारा टन. त्यांचा विश्वास बसेना, भाच्याने दोनदा भाषांतर केलं. करेमाच्या नियमात हेक्टरी ८ टनांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे एकरी सव्वातीन टन. आपलं खायचं द्राक्ष आणि हे वाईनचं, तुलना तशी बरोबरीची नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. एक घड मला तोडून दिला. गोड होताच, पण मागून तुरटपणा असा आला की कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली.

ते ओलिवेत्तीत होते का, हे विचारायचं माझ्या मनात घोळत होतं. विचारलं. होते. मशीनच्या सुट्या भागांच्या खात्यात, निवृत्त होईपर्यंत. त्यांचे वडीलही. बागेचं काम संध्याकाळी आणि शनिवारी. मग मी तो मघाचा प्रश्न विचारला, परवडतं का? आजोबांनी कात्रीने वरचा गडगा दाखवला. त्याचा एक कोपरा ढासळला होता, दगड खाली मांडवात आले होते. तो परत रचायला किती दिवस लागतात ते सांगितलं आणि परवडतं की नाही ते माझ्यावर सोडून दिलं.

मी मनातल्या मनात फाईल तयार केली. क्षेत्र आठ गुंठे, वेगवेगळ्या चार तुकड्यांत. उत्पादन मर्यादित. यांत्रिकीकरण शून्य. बांधबंदिस्ती दर वर्षी. पाऊस गडग्याची माती खाली नेतो, ती पूर्वी पाठीवरच्या टोपल्यांतून वर आणायची. माल विकून पैसा हातात यायला दोन-तीन वर्षं. ह्या प्रकल्पाला कुठलीही बँक कर्ज देणार नाही. मीच शेरा मारून परत पाठवला असता. ह्या बागा टिकल्या त्याचं कारण हिशेबाच्या वहीत सापडत नाही. पगार कारखान्यातून येत होता म्हणून बागेकडून कुणी नफ्याची अपेक्षा केली नाही. तिने घरची वाईन द्यावी, वर थोडे पैसे द्यावेत आणि आजोबांनी रचलेला गडगा आपल्या हातून पडला असं गावाने म्हणू नये, एवढंच.

पण त्यातही एक अडचण राहतेच. आठ गुंठ्यांच्या मालकाने वाईन करायची कशी? करेमाच्या नियमाप्रमाणे वाईन किमान २४ महिने मुरली पाहिजे, त्यातले निदान १२ महिने ओक किंवा चेस्टनटच्या पिंपात. रिझर्वा लिहायचं असेल तर ३६ महिने. आठ गुंठ्यांच्या मालासाठी कोण पिंप घेणार, तळघर बांधणार, बाटल्या भरणार आणि तीन वर्षं पैशाची वाट बघत बसणार? हे काम संस्थेचंच.

दुपारी संस्थेत गेलो. नाव साधं, नेबिओलो दी करेमा उत्पादकांची वायनरी. गावाखालून जाणाऱ्या मुख्य रस्त्यालाच आहे. आपल्याकडे सहकार म्हटलं की कारखान्याची चिमणी, फाटकासमोर ट्रॅक्टरची रांग आणि चेअरमनसाहेबांचा फलक डोळ्यांसमोर येतो. प्रवरेचा कारखाना १९५० चा, ही संस्था १९६० ची, म्हणजे पिढी तीच. पण इथे फाटकात रांग होती ती चार वाहनांची. त्यातली दोन आपे. हो, तीच तीनचाकी, जी आपल्याकडे बारामतीत तयार होते आणि सिन्नर फाट्यावर बारा माणसं घेऊन जाते. इथल्या गल्ल्यांत दुसरं काही शिरतच नाही. मागच्या हौद्यात क्रेट. एकाने तर मोटारीच्या डिकीतून चारच क्रेट आणले होते. त्या चार क्रेटचंही वजन झालं, रसाची साखर मोजली, नोंद झाली. क्रेटमध्ये हात घालून एक बाई खालचे घड वर करून बघत होत्या. नासका मणी दिसला की बाजूला. मालकाकडे त्या बघतही नव्हत्या. ते मला फार आवडलं. माझ्या नोकरीत मी क्रेटकडे बघायच्या आधी माणसाकडे बघणारे अनेक पाहिले.

दहा सभासदांनी काढलेल्या संस्थेचे सभासद आज कितीतरी पट आहेत. १९६७ मध्ये करेमाला सरकारी नामांकन मिळालं. बारोलोला त्याच्या आदल्याच वर्षी मिळालं होतं, म्हणजे मान बरोबरीचा. नामांकनामुळे करेमा हे नाव बाटलीवर कोण लिहू शकतो हे ठरलं. हीच डोंगरउतरण, निदान ८५ टक्के नेबिओलो, किमान १२ टक्के अल्कोहोल. बारोलोला किमान १३ लागतं. डोंगरातल्या नेबिओलोला तेवढी साखर दर वर्षी भरत नाही, आणि इथल्या लोकांना ती भरावी असंही वाटत नाही.

तळघर म्हणजे मोठमोठी लाकडी पिंपं, माणसाच्या डोक्याहून उंच. गारवा, आंबुस वास. लहान नव्या पिंपांत वाईन ठेवली की लाकडाचा वास चढतो. मोठ्या जुन्या पिंपात लाकूड बोलत नाही. वाईन तिथे नुसती हळूहळू शांत होते. ताज्या नेबिओलोतला तुरटपणा जिभेला सोसत नाही, त्याला वेळच लागतो. मघाच्या घडावरून ते मला पटलंच होतं.

मग चव. दोन प्रकार: काळ्या लेबलची क्लासिको आणि पांढऱ्या लेबलची रिझर्वा. गंमत अशी की करेमा बनवणारं फेर्रान्दो हे खासगी घराणं ह्याच्या नेमकं उलट करतं, त्यांचं पांढरं नेहमीचं आणि काळं निवडक वर्षांतलं. दुकानात नुसता रंग बघून बाटली उचलणाऱ्याची पंचाईत. क्लासिकोचा रंग फिका. पेल्यापलीकडे धरलेली बोटं दिसतात. लाल वाईन म्हणजे गडद, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही बघावी. वास सुकत चाललेल्या गुलाबाचा. तोंडात आधी आंबटसर धार, मग तो तुरटपणा, पण आता मवाळ झालेला. अंगाने हलकी, शेपूट लांब. रिझर्वा जास्त खोल आहे हे मला कळलं, पण दुसरा घोट क्लासिकोचाच घ्यावासा वाटला. दाखवणाऱ्या मुलीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, गावातले म्हातारेही असंच म्हणतात. ह्यात कौतुक किती आणि वयाची नोंद किती ते ठरवता आलं नाही.

तिला विचारलं, ओलिवेत्ती गेली, शनिवारवाले म्हातारे झाले, पुढे? तिने सांगितलं की अलीकडे काही तरुण आले आहेत. बाहेरचेही आहेत. पडीक गडगे भाड्याने किंवा विकत घेतात, स्वतःच्या नावाने थोड्या बाटल्या काढतात. संस्थेला त्याची भीती वाटत नाही का? माल तेवढा कमी येणार. तिचं उत्तर मला पटलं. पडीक गडगा कुणीही उभा केला तरी त्याच्या खालच्या गडग्याचा जीव वाचतो. वरचा ढासळला की खालच्याच्याच अंगावर येतो.

खाली उतरताना ही एका पायरीवर एका आजीबाईंशी गप्पा मारताना सापडली. ह्यांना मराठी येत नाही, हिला इटालियन येत नाही. दोघींमध्ये अक्रोडांचा ढीग होता आणि फोडणं चालू होतं.

रविवार, पाँ-सँ-मार्ताँ आणि दोनास

करेमाच्या पुढे दोनेक किलोमीटरवर प्रांत बदलतो. पाट्या इटालियनबरोबर फ्रेंच होतात. आओस्ता खोरं १९४८ पासून स्वायत्त आहे आणि दोन्ही भाषा तिथे राजभाषा.

पाँ-सँ-मार्ताँचा रोमन पूल गावाच्या मधोमध आहे. इसवीसनपूर्व पहिल्या शतकातला. लीस नावाच्या डोंगरी नदीवर एकच कमान, तीस मीटरहून जास्त पल्ल्याची. चालत गेलो तर माथ्यापर्यंत चढ आणि मग उतार. हिने पुलावरच्या चढालाही हरकत घेतली. गावात कथा सांगतात की पूल सैतानाने एका रात्रीत बांधून दिला, बदल्यात पहिल्यांदा पलीकडे जाईल त्याचा आत्मा मागितला. संत मार्तिनने पलीकडे भाकरीचा तुकडा टाकला आणि त्यामागे कुत्रं धावलं. सैतान फसला. कार्निव्हलात अजून ह्या पुलाखाली सैतानाचा पुतळा जाळतात. कुत्र्याचं काय झालं हे कुणी सांगत नाही.

तिथून दोनास चालत. वाटेत डोंगराचा कडा कापून काढलेला रोमन रस्ता आहे, दोनशे मीटरहून थोडा लांब. गाड्यांच्या चाकांनी फरशीत पडलेल्या चाकोऱ्या बोटभर खोल. एका ठिकाणी कड्यातच कोरून ठेवलेली कमान, आणि दगडावर ३६ हा रोमन आकडा: आओस्तापासून छत्तीस मैल. ह्याच वाटेने पुढे यात्रेकरू इंग्लंड-फ्रान्सकडून रोमला जायचे. आजही पाठीवर सॅक घेतलेले दोघं-तिघं भेटले. सामान वाहणारे, सैनिक, साधू, सगळे ह्याच अरुंद वाटेने. त्यांना वाईन विकणारं गाव ह्या वाटेवर असणं ओघानेच आलं.

दोनासलाही नेबिओलो, तिथे त्याला पिकोतेंद्रो म्हणतात, करेमातही हे नाव चालतं. इथलीही सहकारी वायनरी, १९७१ ची. त्याच वर्षी दोनासला नामांकन मिळालं, आओस्ता खोऱ्यातलं पहिलं. डोंगर तोच, द्राक्ष तेच, मांडवही तसाच, मध्ये प्रांताची रेघ. नाशिक आणि अहिल्यानगरच्या हद्दीवर एकाच ओढ्याच्या दोन काठांना वेगवेगळ्या योजना लागू झालेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

जेवायला गरम पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, आत वितळलेलं चीज आणि लोणी. हिला एवढं चालत होतं. मी आणि भाच्याने आर्ना गावचं लार्द मागवलं. डुकराची चरबी रोझमेरी, लसूण, मीठ लावून लाकडी पेटीत मुरवलेली, कागदासारखी पातळ कापलेली, राय ब्रेडवर. बरोबर दोनासचा पेला. करेमापेक्षा थोडी सैल, थोडी लवकर मनमोकळी होणारी. चरबीबरोबर तो आंबटपणा असा बसतो की पुढचा घास आपोआप उचलला जातो. नुसती चाखताना जे कळत नव्हतं ते ताटासमोर कळलं. ही वाईन जेवणाशिवाय पिणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. भाचा म्हणाला, बारोलोच्या सहलीत जेवण शेवटी असतं. मी म्हटलं, चुकीचा क्रम.

सोमवार, बार

परतीच्या आधी बारचा किल्ला. दोनासच्या वरच, खोरं जिथे सर्वात चिंचोळं होतं तिथे खडकावर. १८०० च्या मे महिन्यात नेपोलियन चाळीस हजार फौज घेऊन आल्प्स ओलांडून उतरला आणि ह्या खडकाने त्याला अडवलं. किल्ल्यात ऑस्ट्रियाचे चारशेच सैनिक. दोनेक आठवडे त्यांनी खिंड धरून ठेवली. फ्रेंचांनी रात्री चाकांना गवत गुंडाळून तोफा गावातून सरकवल्या. किल्ला पडल्यावर नेपोलियनने तो जमीनदोस्त केला. आज दिसतो तो १८३० ते १८३८ मध्ये सॅव्हॉयच्या राजांनी बांधलेला. आत २००६ पासून संग्रहालय आहे आणि वर जायला काचेच्या लिफ्ट. हिने किल्ला बांधणाऱ्यांपेक्षा लिफ्ट बसवणाऱ्यांचं कौतुक केलं. वरून खाली बघितलं तर खोऱ्याच्या उन्हाच्या बाजूला गडग्यांच्या रेघा. काही हिरव्या, काही झुडपांनी गिळलेल्या.

दुपारी पुन्हा करेमात उतरून बाटल्या घेतल्या. बारोलोच्या मानाने भाव निम्म्याहूनही कमी वाटला. इथे आमचा शेवटचा हिशेब झाला. भारतात माणशी दोन लिटर आणता येतं. दोघांचे चार. पाऊण लिटरच्या माणशी दोनच बाटल्या बसतात, अर्धा-अर्धा लिटर वाया जातो. माझ्या वाट्याच्या दोन मी लगेच उचलल्या, दोन्ही काळ्या लेबलच्या. उरलेल्या दोन हिच्या कोट्याला हात लावल्याशिवाय जमत नव्हत्या. ही पीत नाही, पण हक्क सोडत नाही. दोन किलो पोलेंताचं पीठ आणि आजीबाईंनी दिलेले अक्रोड माझ्या बॅगेत जाणार असतील तर कोटा माझा, असा करार ठरला. मग पांढऱ्या लेबलची एक घेतली. चौथी दोनासची घ्यायची की दुसरी पांढरी, ह्यावर भाचा आणि मी काउंटरसमोर बराच वेळ वाद घातला. मागे एक जण क्रेट घेऊन ताटकळत होता. शेवटी दोनासचीच घेतली, कारण ती त्याने कालच रेस्टॉरंटमधून घेऊन ठेवली होती आणि आता परत होणार नव्हती.